घराची राखण, बंधन, दृष्ट : तुमच्याकडे काय काय करतात?

चौथा_मजला
मंडळी, पुढच्या महिन्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळतोय. वास्तुशांत करायची, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. भांडण त्याच्या पुढचं आहे.

आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी कुणा 'गुरुजीं'चा नंबर दिला. ते रिकामं घर बघायला आले, हातात होकायंत्र. सगळ्या खोल्यांतून, अगदी ड्राय बाल्कनीतूनसुद्धा फिरले आणि म्हणाले, "वास्तुशांतीनं वास्तू शांत होते, पण उघडीच राहते. बांधून घ्यावी लागते." म्हणजे आठ दिशांना आठ अभिमंत्रित खिळे, चौकटीवर यंत्र आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनगटाला दोरा. दक्षिणा २१ हजार. दर वर्षी नूतनीकरण, त्याचे वेगळे. बायको म्हणाली, हा तर गाडीचा विमा झाला, फक्त क्लेम कुठे करायचा ते सांगा.

आईचं म्हणणं, करून टाकू, उगाच मनाला चुटपुट नको. मी देव मानतो, संध्याकाळी दिवाही लावतो, पण हे काही घशाखाली उतरत नाहीये.

तर विचारायचं असं की तुमच्या घरी घराच्या आणि माणसांच्या राखणीसाठी पिढीजात काय करतात? आणि हे 'बांधून घेणं' कुणी केलंय का? श्रद्धा-अंधश्रद्धा वादाला वेगळे धागे आहेत, तो तिकडे करावा ही विनंती.

हिरवी_मिरची
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. 'तो तिकडे करावा ही विनंती' असं लिहिलं की धागा शंभरी गाठतोच.

पेठेतला_एक
खिळा अडीच हजाराच्या वर पडला. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात. शिवाय ड्रिल कुणाचं, आणि प्लास्टर निघालं तर ती करणी कुणाची, हेही आधीच ठरवून घ्या.

मालवणी_तात्या
आमच्याकडे घर बांधूक काढल्यावर पयलो नारळ राखणदाराक. आता सगळ्यांना समजेल असं लिहितो.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात प्रत्येक जागेला राखणदार असतो असं मानतात. गोव्यात त्यालाच बरेच जण देवचार म्हणतात. घर तुम्ही नंतर बांधलंत, तो आधीपासून तिथे आहे. त्यामुळे राखण करायची म्हणजे त्याला हुसकायचं नाही, त्याला कळवायचं आणि त्याचं मागणं वर्षातून एकदा द्यायचं. कुणाकडे कोंबडा, कुणाकडे नुसता नारळ आणि केळी. गोव्यात रोट (जाड भाकरी), विडी, सोरो (दारू) असंही ठेवतात. रात्री त्याची फेरी असते, त्या वाटेवर कुणी गडगा (दगडी कुंपण) घालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं गाऱ्हाणं. घरातला वडीलधारा किंवा गावचा गुरव उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्या घराची, गुराढोरांची, लेकराबाळांची राखण कर. कोणी वाकडी नजर घातली आसात, काय इडापिडा आसात, ती तुझ्या पायाखाली घाल, म्हाराजा." मागे सगळे "होय म्हाराजा!" म्हणतात. त्यात मुंबईच्या मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, शेजाऱ्याबरोबरची कोर्टातली तारीख, सगळं येतं. लहानपणी मला तर गावातल्या बातम्या गाऱ्हाण्यातूनच कळायच्या.

आरवलीचा वेतोबा माहीत असेलच. केळ्यांचे घड आणि हे एवढाले चामड्याचे जोडे नवसाला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून जोडे झिजतात. ज्यानं गाव सांभाळायचं त्याला चपला द्यायच्या, ह्यात मला तरी काही चुकीचं दिसत नाही. खिळे मारून घर 'बांधणं' हे मात्र आमच्यात घाडी-भगताचं, म्हणजे मंत्रतंत्र करणाऱ्याचं काम. ते करून घेतलं असं कुणी उघड सांगत नाही.

अनघा_वाईकर
तात्या, झकास. आमच्याकडे घाटावर एवढं काही नाही. संध्याकाळी दिवा, उंबऱ्यावर हळदीकुंकू, दारात रांगोळी आणि दृष्ट. दृष्ट मात्र साग्रसंगीत.

आजी काढायची तेव्हा आधी सामान गोळा करायचं काम माझं. खडेमीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या (देठासकट, मोडक्या नाहीत), केरसुणीच्या चार काड्या आणि तिठ्यावरची चिमूटभर माती. ज्याची काढायची त्याला पूर्वेला तोंड करून पाटावर बसवायचं. आजी दोन्ही मुठी भरून हात एकमेकांवर फुलीसारखे धरायची आणि डोक्यापासून पायापर्यंत उतरवत न्यायची. पायाशी आलं की मुठी जमिनीला टेकवायची. तोंडानं पुटपुटणं चालू : "आल्यागेल्याची, वाटसराची, सग्यासोयऱ्याची, घरच्यादारच्याची, माझीसुद्धा..." हे 'माझीसुद्धा' ती कधी गाळायची नाही. आपल्या माणसाची दृष्ट सगळ्यात आधी लागते, म्हणायची. मग सगळं चुलीत. मीठ तडतडायचं, मोहरी उडायची, आणि सगळे श्वास रोखून मिरचीच्या ठसक्याची वाट बघत बसायचे. ठसका लागला नाही की "बघ, केवढी लागली होती!"

सावलीतला
आणि ठसका लागला तर?

अनघा_वाईकर
तर "आता निघाली."

सावलीतला
वा. म्हणजे हरायची सोयच नाही.

धागाकर्त्यांनी वाद नको म्हटलंय, तरी एवढं सांगतो. धगधगत्या निखाऱ्यात मिरची टाकली तर ती भसकन पेटून जळून जाते, ठसका कमी लागतो. मंद विस्तवावर किंवा तव्यावर ती आधी भाजते, वाफाळते आणि घर खोकत सुटतं. चुलीचा जोर किती, ह्यावर आहे सगळं.

बे_एरियातली_सून
चुलीचा जोर कमी असेल तर काय होतं ते मी सांगते. लेकीच्या बारशाला सासूबाई इकडे आल्या होत्या. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, पोरगी किरकिर करतेय, दृष्ट काढते. इकडे चूल कुठली, इलेक्ट्रिक कॉईलवर पोळ्यांचा तवा ठेवला आणि त्यावर मीठ-मोहरी-मिरच्या. अर्ध्या मिनिटात घर खोकायला लागलं, मग स्मोक अलार्म बोंबलायला लागला, मग अख्ख्या मजल्याचा. शेजारची कोरियन आजी बाळाला घेऊन जिन्यानं खाली. पार्किंगमध्ये सगळे उभे, अग्निशमनवाले आत गेले आणि हातात काळा तवा घेऊन बाहेर आले. काय सांगायचं? नवऱ्यानं सांगितलं, "फोडणी."

सासूबाईंचं मत : एवढी लागली होती की बंब यायला लागले.

हिरवी_मिरची
दंडवत घ्या. "फोडणी" :) :)

डॉ_कुंदा
बाळांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बाळाच्या अंगावर काही ना काही राखणीचं असतं. तीट लावायला माझी काहीच हरकत नाही. गालाला लावा, तळपायाला लावा, कानामागे लावा. पण डोळ्यांत काजळ घालू नका. बाजारच्या काजळात शिसं सापडतं, घरच्यात जंतू, आणि बोट तर आपलंच असतं. मनगट्यांतले काळे मणी दोऱ्यात पक्के आहेत ना, हे रोज ओढून बघा. सुटलेला मणी थेट तोंडात जातो. गळ्यात ताईत-दोरा झोपताना नको. करगोटा बाळाबरोबर वाढत नाही, तो सैल करत राहावा लागतो. कमरेवर वळ उमटलेली बाळं मी बघते. पाचवीला सटवाईच्या पूजेत विळा ठेवता ना, तो पूजा झाली की उचला, उशाशी ठेवू नका. आणि ओवा-शेपाची धुरी बाळाच्या खोलीत नको, छातीला त्रास होतो.

एवढं पाळलंत तर बाकी राखण आजीनं खुशाल करावी. दृष्ट काढताना बाळ पाच मिनिटं एका मायेच्या माणसाच्या समोर शांत बसतं, त्याला कुणी डॉक्टर नाही म्हणणार नाही.

सावलीतला
डॉक्टर, तुम्हीसुद्धा?

डॉ_कुंदा
माझ्या दवाखान्याच्या दारावर लिंबू-मिरची आहे. सिस्टर लावतात. मी काढलेली नाही, काढणारही नाही, सिस्टर मिळत नाहीत हल्ली.

नागपुरी_संत्रं
अरे बाप्पा, इतके प्रतिसाद झाले अन् मारबतीचं नाव नाही?

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलायच्या अन् गावाबाहेर नेऊन टाकायच्या. जाताना ओरडायचं, "ईडा पीडा, खोकला खासी घेऊन जाय गे मारबत!" नागपुरात त्याची मिरवणूकच निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. दोन्ही मोठमोठ्या बाया, कागद-बांबू-कापडाच्या. इतवारीत गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नाही. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्यांच्यावर त्या वर्षीच्या नेत्यांची, महागाईची, भ्रष्टाचाराची पाटी. शेवटी सगळं जाळून टाकायचं. घराघरात वेगवेगळी दृष्ट काढत बसण्यापेक्षा अख्ख्या शहराची एकदम काढलेली काय वाईट, भौ?

उंबरठ्याबाहेर
आवडलं. पण 'घेऊन जा' म्हणजे नेमकं कुठे, हा माझा जुना प्रश्न आहे. आमच्या भागात (सातारा) पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावात फिरवून पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचे. ते गाव तो त्याच्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचं. आपली इडापिडा टळली म्हणजे दुसऱ्याच्या दारात गेली.

आणि आमच्या सोसायटीत हेच चाललंय. शनिवारी जुनी लिंबू-मिरची काढून लोक टाकतात कुठे? लिफ्टसमोर, नाहीतर बी विंगच्या गेटवर. मग बी विंगवाले ती काठीनं ढकलत ए विंगकडे आणतात. सफाईवाल्या मावशी हात लावत नाहीत. सर्वसाधारण सभेत ह्यावर तासभर चर्चा झाली आणि ठराव झाला की लिंबू-मिरची ओल्या कचऱ्यात टाकावी. त्यावर एका आजोबांनी विचारलं, बिब्बा ओला की सुका?

पेठेतला_एक
घातक कचरा. लाल डबा.

हिरवी_मिरची
बिब्बा हे काय असतं? आमच्याकडच्या लिंबू-मिरचीत कोळसा असतो.

रानातला_माणूस
बिब्बा म्हणजे भिलाव्याचं फळ. काळं, चपटं, लिंबाच्या वर दोऱ्यात ओवतात. पूर्वी धोबी त्याच्या रसानं कपड्यांवर खुणा करायचे, कितीही धुतलं तरी जात नाही. आंबा आणि काजू ह्याच्याच कुळातले. कच्च्या काजूच्या टरफलाचं तेल लागून कातडं सोलवटलेलं कोकणातल्या कुणालाही विचारा, बिब्बा त्याच जातीचा.

आता गंमत नाही, नीट सांगतो. बिब्बा उततो. दाबणानं टोचून ओवताना काळा, चिकट रस बोटाला लागतो. तेव्हा काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे खाज, मग लाली, मग पाण्यानं भरलेले फोड. तोच हात नकळत पापणीला लागला तर डोळा सुजून बंद. आमच्याकडे बिब्बे फोडून गोडंबी (आतली बी) काढणाऱ्या बाया हाताला राख नाहीतर खोबरेल चोपडून बसतात. सिग्नलवर शनिवारी जी पोरं लिंबू-मिरच्या विकतात, त्यांची बोटं कधी जवळून बघा. दारावर टांगलेल्या वस्तूत खरी घातक शक्ती कशात असेल तर बिब्ब्यात. दृष्टीचं मला माहीत नाही, पण चोरानं हात लावला तर त्याला कळेल.

डॉ_कुंदा
अगदी बरोबर. आणि फोड आले की त्यावर चुना, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. रस लागला की लगेच साबणानं धुवायचं, आणि फोड आले तर डॉक्टरकडे जायचं.

झावळी_वसई
आम्ही वसईचे ख्रिस्ती, पण वाचता वाचता हसू आलं, कारण आमच्याकडेही दार सुनं नसतं. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळी आणतो, तिचा छोटा क्रूस विणतो आणि दाराच्या चौकटीत खोचतो. तो वर्षभर तिथेच. पुढच्या वर्षी जुन्या झावळ्या गोळा करून जाळतात, तीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला. नवं घर असलं की फादर येऊन खोल्याखोल्यांत पवित्र पाणी शिंपडतात.

आणि आई दृष्टसुद्धा काढायची. मीठ-मिरची तीच, फक्त शेवटी क्रूसाची खूण. फादरना सांगायचं नाही, एवढीच अट.

रेवदंडा_ते_अश्दोद
शलोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आजोबा रेवदंड्याचे, मी इकडे इस्राएलमध्ये वाढलो. आमच्या दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी लावलेली मेझुझा असते. लांबट डबीत चर्मपत्राची गुंडाळी, त्यावर तोराहमधले (आमच्या धर्मग्रंथातले) दोन उतारे, लेखनिकानं हातानं लिहिलेले. एक अक्षर पुसलं वा तुटलं तरी ती बाद. म्हणून सात वर्षांत दोनदा उघडून तपासून घेतात. जाता-येता बोट लावून ओठांना लावायचं.

आता धाग्याशी संबंध असा, की घरात सतत आजारपण किंवा अपघात झाला की इकडेही पहिलं वाक्य हेच : "मेझुझा तपासून घे, अक्षर उडालं असेल." ह्यावर आमच्याकडे फार जुनं भांडण आहे. बाराव्या शतकातले रब्बी मायमोनिडीस अशा लोकांवर चांगलेच कडाडले होते, जे मेझुझाच्या आत देवदूतांची नावं लिहून तिचा ताईत करत. त्यांचं म्हणणं, देवाची आज्ञा लक्षात राहावी म्हणून दारावर जे लावलंय, त्याला तुम्ही स्वतःच्या फायद्याचं साधन केलंत. साडेआठशे वर्षं होत आली. ताईतवाले काही हटलेले नाहीत.

अवांतर : आजी मलिद्याच्या (आमच्या नवस-आभाराच्या विधीच्या) वेळी एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावानं पोहे-नारळ-गुळाचं ताट ठेवायची आणि त्यानंतर माझी दृष्ट काढायची. मराठीत. हिब्रूत दृष्ट निघते ह्यावर तिचा विश्वास नव्हता.

मालवणी_तात्या
ह्या शेवटच्या वाक्यासाठी तुमका एक केळ्यांचो घड माझ्याकडसून.

टेम्सकाठचा
दाराचं चाललंय म्हणून इंग्लंडातलं एक सांगतो. जुनी घरं दुरुस्त करताना इथे भिंतीत, धुराड्याच्या पोकळीत, छताखाली जुना बूट सापडतो. एकच, जोडी नाही, पार झिजलेला, बऱ्याचदा लहान मुलाचा. नॉर्दम्प्टनच्या संग्रहालयात अशा लपवलेल्या बुटांची नोंदवहीच ठेवली आहे. का ठेवत, ह्याचं त्या काळचं लेखी स्पष्टीकरण नाही, पण धुराड्यातून आत येणाऱ्या वाईट गोष्टी अडवायला, असा बहुतेकांचा तर्क. मला ते वाचल्यावर आपल्या ट्रकच्या मागे लटकणारी चप्पल आठवली. वेतोबाचे जोडे नवे-कोरे, ह्यांचे फाटके, एवढाच फरक.

वकील_नाशिक
मूळ प्रश्नाकडे येऊ? २१ हजारांकडे.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्यांना ऐकून माहीत आहे, वाचलेला कुणी नसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकार आहेत. घरात दृष्ट काढणं, वास्तुशांत, नवस, गाऱ्हाणं, लिंबू-मिरची ह्यातलं काहीही त्यात नाही. ज्यानं कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही अशी धार्मिक कृत्यं कायद्यानं स्पष्ट वगळली आहेत.

त्यात काय आहे? चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं. भूतपिशाच्चांना बोलावीन अशी धमकी देऊन घबराट पसरवणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार. तक्रार पोलीस ठाण्याच्या दक्षता अधिकाऱ्याकडे.

तेव्हा चौथा_मजला, तुमच्या गुरुजींनी आतापर्यंत केलं ते नुसतं विक्रीकौशल्य आहे, गुन्हा म्हणता येणार नाही. पण "नाही केलंत तर अमक्याच्या जिवावर बेतेल" असं काही म्हणाले का?

चौथा_मजला
थेट नाही. "उत्तरेचा कोपरा मला बरोबर वाटत नाही, लेकाला जपा" एवढं म्हणाले. तेवढ्यानं आईची झोप उडाली.

वकील_नाशिक
हे असंच बोलतात. कोर्टात टिकणार नाही एवढंच.

उंबरठ्याबाहेर
माझी चीड इथेच आहे. आमच्या धाकट्या काकांच्या घरी असाच एक जण आला होता. आधी खिळे, मग 'करणी निघाली' म्हणून कोहळा, मग अमावास्येला उतारा, मग वहिनींच्या माहेरच्यांनीच केलंय असा इशारा. पैसे गेले ते गेले, पण वहिनींचं माहेर तुटलं ते अजून तुटलेलंच आहे. अनघाताईंच्या आजी "माझीसुद्धा" म्हणून स्वतःचं नाव घ्यायच्या. हे लोक कायम तिसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतात. घरात वापरायच्या आणि बाजारात विकायच्या राखणीत मला हा फरक दिसतो.

सावलीतला
सहमत. मला वाटलं नव्हतं ह्या धाग्यावर मी सहमत लिहीन.

अनघा_वाईकर
उंबरठ्याबाहेर, वहिनींचं वाचून वाईट वाटलं.

कोहळ्यावरून : आमच्याही दारावर असतो, लाल फडक्यात. कुजला की 'त्यानं झेललं' असं समजून बदलतात. पण कोहळा किती टिकेल ते निवडण्यावर आहे. देठ शाबूत हवा, वरची पांढरी राख पुसलेली नको, कुठे ठेच नको. असा जून कोहळा महिनोन्महिने राहतो. देठ मोडलेला घेतलात तर पंधरवड्यात पाणी सुटतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा कुरिअरवाल्याच्या डोक्यावर पडला होता.

पेठेतला_एक
कुरिअरवाल्याची इडापिडा कुणी झेलायची?

पूजासांगणारा
मी पौरोहित्य करतो, त्यामुळे दोन शब्द. वास्तुशांतीत राखणीचा भाग आहेच. दिग्बंध (दिशा बांधणं) होतो, दिक्पालांना, म्हणजे दिशांच्या देवतांना, बळी देतात (भाताचा, घाबरू नका) आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत ठेवतात. तेव्हा 'वास्तुशांत झाली तरी घर उघडंच राहतं' हे मी कुठे शिकलेलो नाही.

फ्लॅटमधली अडचण वेगळी असते. जमीन नसते. काही लोक फरशी बसवतानाच आग्नेयेला एक फरशी मोकळी ठेवून घेतात, काही जण बाल्कनीतल्या कुंडीत पुरतात. पुढे नूतनीकरण करताना नव्या मालकाला फरशीखाली चपटी डबी सापडते आणि तो घाबरून मला फोन करतो की "कुणीतरी करणी करून ठेवलीय." मी सांगतो, अहो, तो वास्तुपुरुष आहे, उलट त्याला वर्षातून एकदा नैवेद्य दाखवा.

अंगाच्या राखणीचं म्हणाल तर आपल्याकडे कवच-स्तोत्रं आहेत की. रामरक्षा घ्या. डोकं, कपाळ, डोळे, कान असं एकेक करत पायापर्यंत प्रत्येक अवयवाला रामाचं एकेक नाव नेमून दिलंय. मुलांना तिन्हीसांजेला म्हणायला लावा. खर्च शून्य, वर उच्चार सुधारतात.

बे_एरियातली_सून
आणि अलार्म वाजत नाही.

चौथा_मजला
सगळ्यांचे आभार. काल आईला हा धागा वाचून दाखवला. बंब आणि फोडणीला ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, उंबरठ्याबाहेर ह्यांच्या वहिनींच्या किश्श्यावर गप्प झाली. मग स्वतःच त्या गुरुजींना फोन करून सांगितलं की आमच्या घरचे पुरोहित सगळं करणार आहेत. त्यांनी लगेच ११ हजारांत आटपतो म्हटलं. तिथे तिचा उरलासुरला विश्वास गेला.

आता ठरलंय ते असं : वास्तुशांत, आग्नेयेची एक फरशी मोकळी (टाइल्सवाला आधीच कुरकुरतोय), आणि आईची एकच मागणी, दाराला उंबरठा हवा. बिल्डरनं दिलेलाच नाही. बाहेरचा पॅसेज आणि हॉल एका पातळीत, मधे फक्त स्टीलची पट्टी. आई म्हणते, उंबराच नाही तर हळदीकुंकू कुठे वाहू आणि लक्ष्मीनं कळावं कसं की इथून घर सुरू होतं? सागवानी पट्टी बसवावी की ग्रॅनाइट? केवढी उंच?

पेठेतला_एक
उंच नको. केर काढणारा रोबोट अडकतो. आमचा रोज संध्याकाळी दिवेलागणीला उंबऱ्याला टक्कर देत उभा असतो.

रानातला_माणूस
साग लावा. ग्रॅनाइटवर हळदीचे डाग बसतात आणि पावसात पाय घसरतो. अर्धा-पाऊण इंच पुरे. घरात ज्येष्ठ आहेत, तर कडा तिरकी करून घ्या, ठेच लागायला नको. वाळवीचं औषध आधी, पॉलिश नंतर. बिल्डरकडून आलेला दरवाजा खाली घासणार, तो सुताराकडून तासून घ्यावा लागेल. उंबरठा आणि दरवाजा एकाच सुताराला द्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

नागपुरी_संत्रं
अन् पोळ्याला पळसाची फांदी लावा दाराशी. पुण्यात पळस भेटते का हो?

उंबरठ्याबाहेर
टेकड्यांवर दिसतो कुठे कुठे. पण तोडायला गेलात तर सकाळी फिरायला येणारे ओरडतात. त्यांच्यापासून राखण करणारा मंत्र कुणाला माहीत असल्यास लिहावा.

मालवणी_तात्या
होय म्हाराजा!